मागून नेलेल्या पोरी

शिबिराच्या आधीच्या आठवड्यात कलगोंडाण्णा सदलग्यात घरोघर हिंडायचे. धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि हातात मिटलेली छत्री. कुणाच्याही दारात गेले की उंबऱ्याच्या बाहेरच थांबायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत, पाणी पुढे केलं तरी घ्यायचे नाहीत. टोपी सारखी करायचे, घसा खाकरायचे आणि घरातल्या बाईला हाक मारायचे, "आक्का, पोरगी मागायला आलोय."

पहिल्या वर्षी मी त्यांच्या मागे उभी होते. पारव्वाचं घर होतं ते. पारव्वा भाजी विकायची. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि भांडताना दोन्ही. अण्णांचं वाक्य ऐकून तिने हातातलं सूप खाली आपटलं.

"काय बोलता अण्णा? रेणुका पाचवीत हाय माझी!"

"लगनाला न्हवं गं. शिबिराला. शनवारी सकाळी न्हेतो, ऐतवारी दिस मावळायच्या आत ह्याच दारात आणून देतो. देती का?"

"तिच्या अप्पानं केली की सही."

"सही बापाची, होकार आईचा. तोंडानं सांग."

पारव्वाने माझ्याकडे पाहिलं. हा म्हातारा शुद्धीवर आहे ना, असं त्या नजरेत होतं. मग पदर सावरून ती म्हणाली, "देते."

रविवारी परतल्यावर अण्णा रेणुकाला घेऊन पुन्हा त्याच उंबऱ्याबाहेर. "ही तुझी पोरगी. पोचली म्हण."

"समोर तर दिसतीया."

"दिसू दे. म्हण."

"पोचली बाबा, पोचली!" तेव्हा कुठे अण्णा पुढच्या दाराकडे वळले. असं एकेक दार. शेवटची मुलगी पोचेपर्यंत ते ताटावर बसत नसत, आणि जैन घरातल्या रीतीप्रमाणे दिवस मावळल्यावर जेवत नसत. त्यामुळे शिबिराच्या रविवारी त्यांची बायको, पद्माक्का, दारात उभी राहून एकदा रस्त्याकडे आणि एकदा सूर्याकडे बघत असायची. ते उपाशी राहिले तर तीही उपाशी राहायची.

मी मूळची बेळगावची, खासबागेतली. शाळेत असताना मी गाइड होते. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी, शेकोटी, सगळं अंगात भिनलेलं. सदलग्याच्या हायस्कूलमध्ये नोकरी लागली तेव्हा इथल्या मुलींचं पथक काढायचं माझ्या डोक्यात बसलं. मुख्याध्यापकांनी कानाला हात लावले. "शाळेच्या नावावर नको बाई. एखादीचा पाय मोडला तर निस्तरायचं कुणी?" मग जिल्हा कार्यालयातल्या बाईंनी दुसरी वाट सांगितली. शाळेबाहेरही पथक काढता येतं, पण त्याला एक प्रायोजक संस्था लागते. तिने जागा द्यायची, पथक चालवणाऱ्या कॅप्टनच्या मागे उभं राहायचं आणि मुलींची जबाबदारी घ्यायची.

मी पतसंस्थेत गेले, महिला मंडळात गेले, भजनी मंडळातही गेले. नावाचा बोर्ड सगळ्यांना हवा होता, उद्घाटनाचा फोटो हवा होता. जबाबदारी म्हटलं की चहा यायचा आणि विषय बदलायचा. शेवटी उरली पाणी सोसायटी, म्हणजे दूधगंगेचं पाणी मोटारींनी उचलून उसाला देणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था. तिचा आणि मुलींच्या पथकाचा संबंध काय, असं मला स्वतःलाच वाटत होतं. पण चेअरमन भूपाल आप्पांना कल्पना एकदम पटली. त्यांची नात सन्मती त्याच वयाची होती. "सोसायटीचं नाव हुईल," ते म्हणाले, आणि सगळ्या संचालकांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात एक संचालक खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांनी मान न वळवता विचारलं,

"बाई, पोरगी हरवली तर तिची आई कुणाच्या दारात येणार?"

"हरवेल कशी? मी आहे ना."

"ह्ये उत्तर न्हवं."

मला राग आला. "माझ्या दारात येईल," मी म्हटलं.

"तुमची बदली झाली तर?"

ते संचालकांकडे वळले. "म्हंजे आपल्या दारात येणार. मागनं कुणी म्हणायचं न्हाय की आमी निस्तं नाव दिलतं. ह्ये कळून हात वर करा." अर्धे वर आलेले एकदोन हात डोकं खाजवायला गेले. भूपाल आप्पांना चुलतभावाचा हा आगाऊपणा आवडला नाही. "लई प्रश्न पडत्यात न्हवं तुला? मग सोसायटीच्या वतीनं तूच बघ ह्ये पथक," असं म्हणून त्यांनी काम कलगोंडाण्णांच्या गळ्यात बांधलं. त्यांना वाटलं, म्हातारा चार दिवसांत कंटाळेल.

म्हातारा कंटाळला नाही, मला मात्र त्याने जेरीला आणलं. पंपहाऊसशेजारची गोदामाची खोली रिकामी करून, चुना लावून त्यांनी पथकाला दिली, पण उद्घाटन अडवून धरलं. का, तर मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. "आधी संडास, मग झेंडा," हे त्यांचं वाक्य सोसायटीत म्हणीसारखं झालं. सहलीला टेंपो ठरवला की ड्रायव्हर रात्री झोपलाय का हे ते त्याच्या बायकोला विचारून यायचे. मी काहीही सांगितलं की पहिला शब्द "म्हंजे?" विहिरीवर जायचंय. म्हंजे? कठडा हाय? मुली स्वतः स्वयंपाक करणार. म्हंजे? चूल कुठं, वारा कुठला? मी मनातल्या मनात त्यांना म्हंजेआण्णा म्हणत असे, आणि एकदा चिडून तोंडावरही म्हटलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "म्हना," म्हणाले, "पर कठडा सांगा."

सोसायटीच्या वार्षिक सभेला मंत्रीसाहेब येणार होते. भूपाल आप्पांनी फर्मान काढलं, पथकातल्या मुलींनी गणवेशात आरतीची ताटं घेऊन दारात उभं राहायचं. मला त्यात फारसं वावगं वाटलं नव्हतं. कलगोंडाण्णांनी सरळ नाही सांगितलं.

"पथक सोसायटीचं हाय की न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"हाय. म्हून काय आपल्या वरातीत नाचवायच्या पोरी? आपुन मालक न्हवं भूपाल. आपुन जामीन."

त्या दिवशी दोघा भावांचं जे फाटलं ते पुढे बरेच दिवस शिवलं गेलं नाही. सभेत ताटं घेऊन संचालकांच्या सुनाच उभ्या राहिल्या.

मग तो जुलै आला.

नदीपलीकडच्या गावात, टेकावरच्या शाळेत आम्ही झाडं लावायला गेलो होतो. शनिवारी जायचं, रविवारी परत. अण्णांनी नेहमीप्रमाणे घरोघर जाऊन मुली मागून आणल्या होत्या. पारव्वाच्या रेणुकाचं हे तिसरं वर्ष, सन्मतीचंही तेच. दोन्ही दिवस लख्ख ऊन होतं. पण आमच्याकडे उन्हाला काही अर्थ नसतो. पाऊस वर घाटात पडतो आणि नदी इथे फुगते. रविवारी दुपारी जेवणं झाली आणि गावातला एकजण सांगत आला, बंधाऱ्यावरच्या पुलावर पाणी चढतंय. लांबच्या मोठ्या पुलाकडे जाणारा रस्ता तर सकाळीच ओढ्याने बुडवला होता. म्हणजे घरी जायला एवढा एकच पूल.

मी धावत सुटले. मुलींना ओळीत उभं केलं, पिशव्या खांद्याला लावायला लावल्या आणि टेंपो सुरू करायला सांगितला. पुलापाशी आलो तेव्हा पाणी पुलावरून जात होतं, पण घोट्याएवढंच. पलीकडच्या काठावर सदलग्याची माणसं दिसत होती. आया आल्या होत्या. अण्णा पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले, छत्री टेकून उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, "सामान खाली ठिवा."

"अण्णा, घोट्याएवढं पाणी आहे. निघालो तर पाच मिनिटांत पलीकडे."

"खाली पूल हाय?"

"म्हणजे काय? असणारच की."

"दिसतोय का?"

दिसत नव्हता. चहासारखं गढूळ पाणी, त्यात पूल कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं.

"पूल धड हाय का मला ठावं न्हाय. तुमास्नी बी ठावं न्हाय. ठावं न्हाय तितनं पोरी न्हेत न्हाय मी."

माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही सगळ्या आयांना शब्द दिलाय, दिवस मावळायच्या आत. ते म्हणाले, "दिलाय. मोडला." एवढंच. आणि पाण्याच्या वाटेवर, टेंपोच्या पुढ्यात, दगडावर बसले.

इतक्यात एक मोटारसायकलवाला गाडी ढकलत पलीकडून अलीकडे आला. मग गवताचा भारा घेतलेला माणूस गेला. दर वेळी काठावरचे लोक अण्णांकडे बघायचे. कुणीतरी हसलं. "म्हातारा पाण्याला भ्याला," असंही ऐकू आलं. माझा फोन थांबत नव्हता. "बाई, माणसं चालत येत्यात की, तुमीच का बसलाय?" "बाई, तुमी शिकलेल्या हाय, त्या म्हाताऱ्याचं काय ऐकता?" एका वडिलांनी तर पोलिसात जायची भाषा केली. प्रत्येकाला मी धीर देत होते आणि मला स्वतःला धीर नव्हता. पाणी वाढतंय की उतरतंय, हेही समजत नव्हतं. आत्ता निघालो नाही तर नंतर निघताच येणार नाही, असं सारखं वाटत होतं. आणि निघालो आणि काही झालं तर? तो विचार मी पुरा करत नव्हते. तो पुरा करायला समोर दगडावर अण्णा बसलेच होते.

रेणुका रडायला लागली. तिला बाजूला घेतलं तर कळलं, तिला पहिल्यांदाच पाळी आली होती. तिला दुसरं काही नको होतं, आई हवी होती, आणि आई पलीकडच्या काठावर हिरव्या लुगड्यात दिसत होती. मी अण्णांपाशी गेले. हे बोलायला मला संकोच वाटला, पण बोलले. आता तरी विरघळतील, असं खरोखर वाटलं होतं. ते उठले, शाळेशेजारच्या घरात गेले आणि तिथल्या म्हातारीला घेऊन आले. "आई न्हाय, पर आईसारकी हाय," ते म्हणाले. म्हातारीने रेणुकाला पोटाशी धरलं आणि आपल्या घरी नेलं. अण्णा परत दगडावर जाऊन बसले. मला त्यांची तिडीक आली होती. एवढं कळतं, तर एवढंसं पाणी ओलांडायचं का कळत नाही?

ऊन तिरपं झालं आणि पलीकडून ट्रॅक्टर पाण्यात उतरला. सोसायटीचाच ट्रॅक्टर. ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर भूपाल आप्पा बसलेले. मागे रिकामी ट्रॉली. चाकांच्या दोन्ही बाजूंनी पाणी फुटत होतं. मधे एकदा ट्रॅक्टर थांबला तेव्हा दोन्ही काठ गप्प झाले. मग तो घुरघुरला आणि सरळ आमच्यापाशी येऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा उतरले.

"आलो का न्हाय? बघितलंस? आता पोरी बसव ट्रॉलीत."

"तू आलास, बरं झालं," अण्णा म्हणाले. "आता हितंच ऱ्हा."

"कलगोंडाण्णा, खुळेपणा पुरं. पलीकडं आया रडाय लागल्यात."

"रडू देत. उद्या हसतील."

"मी चेअरमन म्हून सांगतोय."

"आणि मी जामीन म्हून न्हाय म्हणतोय."

"मग तू आत्तापासनं न्हाईस! सोसायटीनं तुला काढलं!"

"त्याला ठराव लागतोय. मीटिंग लागती. मीटिंग पल्याड हाय, पाण्याच्या."

कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांचा चेहरा लाल झाला. ते सन्मतीपाशी गेले, तिचा हात धरला. "बाकीच्यांचं तुझं तू बघ. ही माझी नात हाय."

अण्णा उठून मधे उभे राहिले. आयुष्यात कधी भावावर हात उगारला नसेल, पण त्या वेळी त्यांची छत्री आडवी झाली होती. "तुझी नात हाय ती घरात. तिच्या आईकडनं मी मागून आणलीया, तुझ्याकडनं न्हवं. तुझ्या सुनंच्याच हातात दीन."

"मी आजा हाय तिचा!"

"म्हून तर तुला काय दिसंना झालंय." अण्णांनी छत्री तशीच आडवी धरली. "भूपाल, अरं तू वाचलास. पर तू ठरवून वाचलास व्हय? नशिबानं आलास, म्हून आलास. ट्रॉलीत वीस पोरी घालून पुन्ना तेच करायचं? न्हाय रं. माझ्यानं न्हाय हुनार."

आप्पा माझ्याकडे वळले. "बाई, कॅप्टन तुमी हाय. तुमी सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मुली बघत होत्या. सन्मतीचा एक हात आजोबांच्या हातात होता, दुसऱ्या हाताने तिने माझी ओढणी धरली होती. मला आजही नक्की सांगता येणार नाही की मी अण्णांवर विश्वास ठेवला म्हणून बोलले की हिंमत नव्हती म्हणून. मी म्हटलं, "आप्पा, आम्ही राहतो."

आप्पा थुंकले, ट्रॅक्टरवर चढले आणि आल्या वाटेने परत गेले. सुखरूप पोचले. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पलीकडच्या काठावरून जो आरडाओरडा झाला तो नदी ओलांडून आमच्यापर्यंत आला. अण्णा सूर्याकडे बघत होते. तो उसाच्या मागे गेला तसे ते उठले आणि मुलींना म्हणाले, "चला गं, शाळेत. खिचडी टाकू." त्यांनी स्वतः मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही. नदीच्या त्या काठाला पद्माक्कानेही घेतला नसणार, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

सोमवारी ओढा उतरला आणि मोठ्या पुलावरून वळसा घालून आम्ही संध्याकाळी सदलग्यात आलो. अण्णा प्रत्येक दारात गेले. प्रत्येक उंबऱ्याबाहेर टोपी सारखी करून म्हणाले, "ऐतवारची बोली हुती. सोमवार झाला. चुकलो. पोचली म्हण." काही घरांत बापांनी नको नको ते ऐकवलं. एका घरात तोंडावर दार लावलं. अण्णा त्या बंद दारासमोर उभे राहिले, आतून बाईचा आवाज आला, "पोचली," मग हलले. पारव्वाने रेणुकाला कवटाळलं आणि त्यांनी काही म्हणायच्या आत म्हणाली, "पोचली अण्णा."

बंधाऱ्यावरचा पूल मंगळवारी पाण्यातून वर आला. धडधाकट. एक दगड हलला नव्हता. पूल वाहून गेला असता तर अण्णा देव झाले असते. तो तसाच राहिला आणि अण्णांचं गावभर हसं झालं. पोरंटोरं त्यांना बघून धोतर वर धरून चालायची नक्कल करायची. सोसायटीची मीटिंग झाली, ठराव झाला, आणि पथकाचं काम एका तरुण संचालकाकडे गेलं. अण्णांनी गोदामाची किल्ली मला आणून दिली. "कडी जरा वर उचलून लावायची," म्हणाले, आणि गेले. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं मोकळंही वाटलं.

नवे संचालक हुशार होते. त्यांनी मोबाइलवर पालकांचा ग्रुप केला. हिवाळ्यातल्या शिबिराचा फॉर्म त्यावर टाकला, बापांनी अंगठे पाठवले, अर्ध्या तासात काम झालं. शनिवारी सकाळी गाडी गोदामापाशी उभी राहिली. सन्मती आली. तिच्या दोन मैत्रिणी आल्या. आणि कुणी आलंच नाही. आम्ही उन्हं वर येईपर्यंत वाट बघितली. मुलीच नसल्या तर नोंदणी रद्द होते, पथक मिटतं, हे मला माहीत होतं. मी तशीच बाजारात पारव्वाकडे गेले. ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"रेणुका का नाही आली?"

"मागायला कोन आलं?"

"फॉर्म आला की मोबाइलवर. तिच्या अप्पांनी अंगठा दिला."

"मग अप्पानं जावं शिबिराला."

"पारव्वा, त्या दिवशी तूच काठावर उभी राहून रडत होतीस. ट्रॅक्टर आला, गेला, काही झालं नाही. पूल तर जागचा हलला नाही."

तिने जुडी खाली ठेवली. "पूल ऱ्हायला का ग्येला, ह्ये मला काय करायचंय बाई? त्या दिशी मला बी वाटलं, म्हातारा खुळा झालाय. शिव्या बी घातल्या मी, कन्नडात. पर घरी जाऊन इच्यार केला. समदी माझ्या पोरीवर डाव लावाय निगालती. तिचा बाप, चेअरमन, मी सुदिक. त्यो एकटा न्हाय म्हणला." ती पुन्हा मेथीकडे वळली. "त्यो मागायला आला तर दीन. न्हाय तर ऱ्हाऊ दे घरात."

मी हेच सगळं भूपाल आप्पांना सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. पण ते म्हणाले, "आमची सून बी तेच म्हणती. सन्मतीला मीच दामटून पाठवलं." आणि चपला घालून निघाले. मी मागे. कलगोंडाण्णा अंगणात शेंगा निवडत होते. आप्पा त्या घरात लहानाचे मोठे झालेले, पण त्या दिवशी ते उंबऱ्याबाहेर थांबले. टोपी सारखी केली.

"अण्णा, मागायला आलोय."

अण्णांनी शेंगांवरून नजर वर केली नाही. "काय मागायला?"

"तुला."

"परत कवा द्यायची बोली?"

आप्पांना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. आतून पद्माक्का म्हणाली, "न्ह्या न्ह्या, घरात बसून माझं डोस्कं खातंय नुस्तं." पुढच्या आठवड्यात अण्णा छत्री घेऊन पुन्हा दारोदार फिरायला लागले, आणि शनिवारी गाडीत बसायला जागा पुरली नाही.

त्यानंतर काही वर्षं तसंच चाललं. गेल्या हिवाळ्यात, शिबिराच्या आधीच्या आठवड्यात, निम्मी घरं मागून झाल्यावर अण्णा दुपारी जरा पडतो म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी शिबिर रद्द केल्याचं सांगायला पद्माक्काकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. "रद्द कसं?" म्हणाली. "मागितलेल्या पोरी हैत त्या. सुतकाचे दिस झाले की न्हेऊन आणा."

उरलेल्या दारांत भूपाल आप्पा गेले. गुडघे दुखत होते तरी प्रत्येक उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "आक्का, पोरगी मागायला आलोय," हे पहिल्या दोनतीन दारांत त्यांना दोनदा म्हणावं लागलं. पारव्वाची रेणुका आता कॉलेजला, पण धाकटी पथकात होती. पारव्वाने आप्पांना पाणीही विचारलं नाही. ते घेणार नाहीत, हे ठरलेलंच होतं. म्हणाली, "देते."

रविवारी परतताना चाक पंक्चर झालं आणि उशीर झाला. मी आणि आप्पा दारं वाटून घेऊन अक्षरशः पळत होतो. पोचली म्हणा, पोचली म्हणा. शेवटचं दार झालं तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या कडेला गेलं होतं. मी घरी जायला वळले आणि एकदम माझ्या लक्षात आलं. पुन्हा पळत सुटले.

पद्माक्का दारात उभी होती. रस्त्याकडे बघत होती. मागे स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवलेलं दिसत होतं.

"समद्या?" तिने विचारलं.

मला दम लागला होता. मी मान हलवली.

"म्हण."

"पोचल्या आक्का. समद्या पोचल्या."

तिने एकदा सूर्याकडे बघितलं. "हाय अजून दिस," ती म्हणाली. "पाय धू, आणि ये जेवायला."